फोन वाजला की उचलायचा नाही

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेलं कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, तुम्ही कॉलेजात शिकवता तरी काय?" मी सांगते, जोखीम संवाद आणि निर्णयप्रक्रिया. समोरचा घटकाभर माझ्याकडे बघतो, वरणात पोळी बुडवतो आणि म्हणतो, "म्हणजे हवामान खातं?" तरुणपणी मी समजावत बसायची. जेवण गार व्हायचं आणि त्याच्या डोक्यात काही शिरायचं नाही. आता मी सरळ हो म्हणते. मग तो विचारतो, "मंग आज येते का पाणी?" आणि मी मांडवाच्या फटीतून आभाळाकडे बघून काहीतरी ठोकून देते.

काम खरं तर समजायला सोपं आहे. धोका समोर असतो, सांगणारा घसा फोडून सांगत असतो, तरी माणूस जागचा हलत नाही. तो काहून हलत नाही, एवढंच शोधायचं. मी उभी हयात त्यात घालवली. आर्णीत हेल्मेट गाडीच्या हँडलला अडकवून फिरणाऱ्यांच्या मागे फिरले. फवारणीचे हातमोजे खुंटीला टांगून उघड्या हातांनी औषध कालवणाऱ्यांशी हुज्जत घातली. पुण्याला या, तिथं मोठा विभाग आहे, असं सांगणारे भेटले. मी म्हटलं, माझी न ऐकणारी माणसं सगळी यवतमाळ जिल्ह्यात आहेत, मी तिकडे येऊन काय करू? त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. सकाळी कॉलेज, दुपारी एखादं गाव, संध्याकाळी घरच्या गच्चीवर चहा, यात माझे दिवस मजेत गेले आणि जाताहेत.

न ऐकणाऱ्यांत पहिला नंबर माझ्या थोरल्या बहिणीचा.

ताई बाभुळगावच्या अलीकडच्या एका खेड्यात असते. भाऊजींचं वावर आहे, कपाशी आणि तूर होते, दोघांचं बरं चाललंय. घरी बसून खाल्लं तरी चालण्यासारखं आहे, पण ताईला बसवत नाही. तिच्या संगतीतल्या बाया आळीपाळीने एकमेकींच्या वावरात निंदायला जातात. आज हिच्या वावरात, उद्या तिच्या. सकाळी डबा बांधून निघायचं, दिवसभर तण काढायचं, गावातल्या सगळ्यांची उणीदुणी काढायची आणि दिवस कलताना हसत परत यायचं. ताई त्या संगतीची म्होरकी. तिनं कधी स्वतःला म्होरकी म्हटलं नाही, पण ती उठल्याशिवाय जेवायला कोणी उठत नाही.

पलीकडच्या गावात एक बाई पावसात झाडाखाली उभी होती आणि वीज पडून गेली. मी तिला ओळखत नव्हते. ताई ओळखत होती. "लय चांगली होती व," एवढंच ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी डबा बांधून वावरात गेली. तेव्हापासून यवतमाळात आभाळ गडगडलं की माझं चित्त ठिकाणावर राहत नाही. वर्गात खडू हातात धरून मी खिडकीतून बाभुळगावच्या दिशेला बघत राहते. दुसऱ्या कोणाचं राहू द्या, पण ही एक बाई गडगडाट ऐकून वावरातून उठेल का, हा माझ्या आयुष्यातला एकच प्रश्न उरला, असं म्हटलं तरी चालेल.

त्याच सुमारास आमच्या विभागानं एका सरकारी कचेरीबरोबर मिळून विजेच्या इशाऱ्याची सोय उभी केली. वीज येण्याचा अंदाज दिसला की त्या भागातल्या बायांचे फोन वाजणार आणि इशारा ऐकू येणार. पहिला मसुदा कचेरीतून आला: "नागरिकांनी त्वरित सुरक्षित स्थळी आश्रय घ्यावा." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, नागरिक कोण? निंदायला बसलेली बाई स्वतःला नागरिक समजते का? आणि सुरक्षित स्थळ कोणतं, तिला कोण सांगणार? बरीच भांडाभांडी झाली. शेवटी मीच रेकॉर्डिंगला बसले आणि माझ्या आवाजात म्हटलं, "बायांनो, वीज येऊन राह्यली. वावरातून निंघा. झाडाखाली थांबू नका. पक्क्या घरात जा." कचेरीतले साहेब म्हणाले, ही काय भाषा? मी म्हटलं, ही ऐकणाऱ्यांची भाषा.

ताईनं पहिल्यांदा तो इशारा ऐकला आणि मला फोन करून म्हणाली, "तुहा आवाज लय नाकातून येते व. सर्दी झालती का?"

"आवाजाचं सोड. तू उठली का वावरातून?"

"आमी तं निंदत होतो ना."

"मग ऐकलं कधी?"

"घरी आल्यावर. फोन थैलीत होता, पुन्हा वाजला तवा आयकला."

मी कपाळावर हात मारला. तिला समजावलं, चिडले, लाडीगोडी केली, आईची शपथ घातली. ती सगळ्याला हाव हाव म्हणायची. हाव म्हणणारी माणसं सगळ्यात अवघड असतात. नाही म्हणणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

तेव्हा पोळ्याला जोडून मी रजा टाकली आणि ताईकडे गेले. तान्हा पोळा झाला, पोरांचे लाकडी बैल घराघरात फिरून आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडीवर भाऊजींचा जुना शर्ट चढवून निंदायला निघाले. ताई माझ्याकडे बघून पोट धरून हसली. "मॅडम, गोरेपणा जाइन," असं ताईची जाऊ म्हणाली. ही जाऊ म्हणजे त्या संगतीतली सगळ्यात तिखट जीभ. मी सावळीच आहे, हे तिला चांगलं माहीत होतं.

वावर आमचंच होतं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक मोठं निंबाचं झाड आहे. बायांनी आल्या आल्या आपापल्या थैल्या त्याच्या फांद्यांना टांगल्या. खाली ठेवल्या तर मुंग्या लागतात, कुत्रं डबा पळवतं. मग प्रत्येकीनं आपली पात धरली. पात म्हणजे निंदताना एकेकीच्या वाट्याला आलेली पट्टी. हातात इळा घेऊन बसत बसत पुढे सरकायचं, एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत. सगळ्यांच्या पाती शेजारी शेजारी चालतात, त्यामुळे कोण पुढे आणि कोण मागे, हे लपत नाही.

मी मागे होते. फार मागे. लहानपणी केलेलं काम, गुडघे विसरून गेले होते. जाऊ वळून म्हणाली, "मॅडम, तुमची पात दिवाळीले पुरी होइन वाटते!" सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले, पण झोंबलं मला. मी दात खाऊन हात चालवायला लागले.

दुपारी पश्चिमेकडून गडगडलं.

मी मान वर केली. ढग काळाकुट्ट होता आणि आमच्याकडेच येत होता. मी आजूबाजूला पाहिलं. एकही बाई उठली नव्हती. ताईनं ढगाकडे एकदा पाहिलं आणि हात भरभर चालवायला सुरुवात केली. ते बघून जाऊने वेग वाढवला. मग सगळ्यांनीच. धुरा समोर दिसत होता, पात पुरी करून उठायचं, असं कोणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या हातांत ते होतं. आणि खरं सांगू? मीसुद्धा उठले नाही. मी उठले तर जाऊ काय म्हणेल, हा विचार आधी आला. वीज त्याच्या मागून आली. माणूस धोका बघून ठरवत नाही, शेजारी बघून ठरवतो, हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. त्या दिवशी ते माझ्या गुडघ्यांना कळलं.

तेवढ्यात निंबाच्या फांदीवर एक फोन वाजला. मग दुसरा, मग तिसरा, मग सगळेच. झाड नुसतं किणकिणायला लागलं.

फोन वाजला म्हटल्यावर मात्र सगळ्या पटकन उठल्या. घरून असेल, पोरांच्या शाळेतून असेल, कोणाला काही झालं असेल. पात जागच्या जागी राहिली आणि आम्ही सगळ्या पळालो. कुठं? झाडाकडे! मीसुद्धा पळाले, मला वाटलं कॉलेजातून फोन आहे. थैल्या ओढल्या, फोन कानाला लावले, आणि निंबाच्या खोडाभोवती दाटीवाटीनं उभ्या राहून आम्ही सगळ्या माझा आवाज ऐकायला लागलो. "बायांनो, वीज येऊन राह्यली. झाडाखाली थांबू नका."

एका फोनमधून संपला की दुसऱ्या फोनमधून सुरू. झाडाखाली थांबू नका. झाडाखाली थांबू नका.

ताईनं फोन कानावरून काढला, वर फांद्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तूच बोलावलं व आमाले झाडाखाली."

तेव्हा आभाळ लख्खकन चमकलं. "अवो माय!" जाऊ ओरडली. मी इतक्या जोरात किंचाळले की माझाच घसा बसला. "निंघा! निंघा इथून! गोदामात चला!" डांबरी रस्त्याच्या कडेला सोसायटीचं पक्कं गोदाम आहे. आम्ही चिखलातून धडपडत, एकमेकींना ओढत तिथं पोचलो. माझी एक चप्पल वावरातच राहिली. कोणाला काही झालं नाही. मी भिंतीला टेकून खाली बसले. ताईनं आपला ओला पदर पिळला आणि त्यानंच माझं तोंड पुसलं.

पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की ओरडून बोलावं लागत होतं. आणि काय सांगू, थोड्या वेळानं आम्हाला हसू सुटलं. जाऊ माझी नक्कल करायला लागली, नाकातून, "झाडाखाली थांबू नका!" आणि स्वतः एका बाईच्या डोक्यावर फांदीसारखे हात धरून उभी राहिली. मीही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आमच्या कचेरीतल्या बैठकांमध्ये आवाज कोणता, भाषा कोणती, इशारा किती आधी द्यायचा, सगळ्यावर खल झाला होता. फोन कुठं टांगलेला असतो, हे कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही, आणि माझी सख्खी बहीण तिथं थैली टांगत होती!

हसणं ओसरल्यावर मी विचारलं, "पण गडगडलं तेव्हाच काहून नाही उठल्या?"

"पात अर्धी टाकून?" जाऊ म्हणाली. "पहिली उठन तिले सगळ्या हासतात ना. तुमी उठल्या का?"

मी उरलेली एक चप्पल काढून तिचा चिखल झटकायला लागले.

ताई दारातून वावराकडे बघत होती. मग म्हणाली, "पानी प्याले उठतो तेव्हा काय करतो आपण? इळा रोवतो ना जाग्यावर. रोवला म्हणजे पात आपली. कोणी हात लावत नाही, कोणी हासत नाही. विजेले बी तसंच करू. इळा रोवाचा अन् निंघाचं."

"लोखंड हातात नकोच बापा, वीज वढते," एक बाई म्हणाली.

मी लगेच म्हटलं, तसं काही नसतं, एवढ्याशा इळ्यानं वीज ओढली जात नाही. ताईनं माझ्या मांडीला चिमटा काढला. "गप बस व. त्यायले पटून राह्यलं तं पटू दे." मी म्हटलं, नाही, खोटं सांगून उठवायचं नाही, एकदा खोटं पकडलं गेलं की पुढचं खरंही कोणी ऐकत नाही. त्यावरून आमची दोघींची तिथंच जुंपली. शेवटी ताई सगळ्यांना म्हणाली, "आयका. इळ्यानं वीज येत नाही म्हणते ही. तरी बी रोवाचा, पातीसाठी." वाद मिटला.

फोन पदरात बांधून कमरेशी खोचायचं ठरलं. आणि आभाळ आलं असेल तेव्हासाठी एक नियम मी घातला. फोन वाजला की उचलायचा नाही. आधी उठायचं, गोदामात पोचायचं, मग फोन. "तुहा फोन असला तरी?" ताईनं विचारलं. मी म्हटलं, माझा असला तरी. थैल्या मात्र निंबावरच राहिल्या. मुंग्यांचं काय करणार?

कचेरीनं पुढे रेकॉर्डिंगचं पहिलं वाक्य बदललं: "झाडाखाली असान तं पहिले निंघा, मंग आयका." थोडी भांडाभांडी झाली, ती मला आवडतेच. पण माझी खरी काळजी पुढेच होती. अंदाज म्हणजे अंदाज. इशारा येणार आणि वीज भलतीकडे जाणार, असं बऱ्याचदा होणार. बाया उठणार, गोदामात बसणार, काहीच होणार नाही. असं दोन-चारदा झालं की माणूस उठायचं सोडतो, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं होतं की मला त्याची खात्रीच होती.

झालंही तसंच. ताईचा फोन यायचा. "निंघालतो आज. काहीच नाही आलं. ऊन पडलं उलटं." पुढच्या खेपेला पुन्हा तेच. जाऊ म्हणे रोज चिडवते, "चला बायांनो, ताईले भेव लागला." ताई हे मला हसत सांगायची, पण मला त्यात पुढचा दिवस दिसायचा. ज्या दिवशी ती कंटाळून म्हणेल, मरू दे, एवढी पात होऊ दे, तो दिवस.

एका रविवारी मी पुन्हा त्याच वावरात निंदायला गेले. संध्याकाळच्या आत यवतमाळला पोचायचं होतं म्हणून दुपारीच अर्ध्या पातीतून उठले. ताईनं मला तसं जाऊ दिलं नाही. "इळा रोव," म्हणाली. मी म्हटलं, मी कुठं पाणी प्यायला चालले, मी तर घरी चालले. ती म्हणाली, "रोव म्हणतो ना." मी रोवला आणि गेले.

दोन दिवसांनी दुपारी यवतमाळात अंधारून आलं. माझा वर्ग चालू होता. बाभुळगावकडे लख्ख चमकत होतं. इशारा गेल्याचं मला कळलं होतं. मला राहवेना. मी मुलांना काहीतरी वाचायला दिलं आणि बाहेर येऊन ताईला फोन लावला. वाजत राहिला. उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. मी भाऊजींना लावला, तो बंद. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते आणि तोंडानं ताईला शिव्या देत होते. एवढं सगळं करून शेवटी ही बसलीच असणार पातीत. जाऊ हसली असेल, हिला राग आला असेल, हात भरभर चालत असतील. मला त्या पलीकडच्या गावातल्या बाईची आठवण येत होती, जिला मी कधी पाहिलं नव्हतं. पाऊस आला, माझ्या अंगावर उडाला, मी आत गेले नाही. आई गेली तेव्हासुद्धा मी एवढी घाबरले नव्हते.

मग फोन आला.

"काय व, कितीदा लावते?" ताई. मागे पत्र्यावर पाऊस आणि बायांचा गलका.

मी ओरडलेच. "उचलायला काय झालं होतं? जीव गेला ना माझा इथं!"

"तूच म्हणली ना, फोन वाजला का उचलाचा नाही, पहिले निंघाचं. निंघालो. आता बसलो गोदामात, तं लावला."

मी खाली बसले, व्हरांड्याच्या पायरीवर, ओल्या जागेत. माझाच नियम होता. ती फोन उचलत नव्हती, म्हणजे ती चालत होती. मला वाटलं, आता रडावं, आणि मी रडलेही थोडी.

"रडून राह्यली का?"

"नाही."

"मंग नाकातून काहून बोलते?"

मी विचारलं, "ताई, इतक्या वेळा काहीच आलं नाही, तरी तू उठते. कंटाळा नाही आला? जाऊ हसते म्हणालीस ना?"

"हासते. हासू दे."

"मग कायले उठते? इशारा पटला म्हणून?"

"तुहा तो फोन ना? नाही व." ती बहुतेक बायांपासून बाजूला गेली, कारण आवाज खाली आला. "गरजलं का मले वाटते, आता माही छोटी तिकडे काम सोडून उभी असन, डोळे फाडून. तुले सांगता यावं ना, गोदामात बसलो म्हणून. म्हणून उठतो. मी उठली का ह्या उठतात."

जन्मभर मी शोधत होते ते हे होतं का, माहीत नाही. असेल. ते कचेरीला कसं सांगायचं, तेही मला अजून सुचलेलं नाही. दर गावासाठी वाट बघत उभी राहणारी एक बहीण आणायची कुठून?

"वीज पडली का कुठं?" मी विचारलं.

"पडली असन. आमच्याकडे काहीच नाही झालं. निंब उभा आहे, थैल्या भिजल्या. तुही पात बी तशीच आहे."

"अजून? सगळं निंदून झालं असेल ना आता?"

"सगळं झालं. तुही राह्यली. इळा रोवलेला आहे ना तुहा, कोण हात लावन?" आणि मागे वळून ती बायांना काहीतरी म्हणाली, त्या हसल्या. "रविवारी येजो अन् पुरी कर. गवत माजून राह्यलं."